छातीवरच्या निळ्या रेघा

"छेद थोडा खाली घेतोय," मी म्हणालो. "टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की छातीचे स्नायू भरतील."

किरणनी माझा हात धरला. "कसलं टेस्टोस्टेरॉन, डॉक्टर?"

मी प्लास्टिक सर्जन. ऑपरेशनआधी पेशंटला उभं करून कातडीवर पेननं रेघा मारायच्या, याला मार्किंग म्हणतात. आडवं झालं की आकार बदलतो, म्हणून ते उभ्यानंच. किरणला छाती सपाट करून हवी होती. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं झालं होतं, तब्येत उत्तम होती. बाहेर नृसिंहवाडीहून आलेली आई बसली होती.

किरण नॉनबायनरी. म्हणजे स्वतःला बाईही न मानणारं आणि पुरुषही न मानणारं माणूस. हे मी पहिल्याच भेटीत ऐकलं होतं. पण रत्नागिरीला जाणारी गाडी वाटेत मलकापुरात थांबली म्हणजे प्रवास संपला असं कोण समजतं? मला वाटलं, पुढं पुरुष व्हायचंच आहे. एखाद्याचं तिकीटच मलकापूरचं असेल, हे डोक्यातच आलं नाही. आधीच्या पेशंटांना बहुतेक ते पुरुषी हार्मोन हवं असायचं. मी ते गृहीत धरलं आणि रेघाही त्याच हिशेबानं मारल्या.

"त्यानं आवाज फुटतो," किरण म्हणाले. "एकदा फुटला की माघारी येत नाही. मी ऑर्केस्ट्रात गाते-गातो, काय म्हणायचं ते म्हणा, पण याच आवाजात. मला फक्त सपाट छाती पाहिजे."

मी आईला आत बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगं म्हणतंय, बाई न्हाय, बाप्या बी न्हाय. आमाला उमगाय वरीस गेलं, पर उमगलं की. म्हस बी कलानं घेटल्याबिगर धार देत न्हाय, डॉक्टर. तुम्ही माणसाला इचारलं बी न्हाईसा?"

मी ऑपरेशन पुढं ढकललं. भूल देणारे डॉक्टर हसत म्हणाले, पेशंट घाबरला वाटतं. मी ते खोडून न काढता पुढच्या पेशंटची फाइल उघडली. तेव्हापासून आमच्या थिएटरमध्ये हीच गोष्ट चालत आली आहे: किरणनं ऐनवेळी कच खाल्ली. ती खोटी आहे. किरण ठाम होते. चुकीचा बेत माझा होता, आणि माघार मी घेतली.

पुढच्या भेटीत मी पेन खिशातच ठेवून ऐकत बसलो. छेद कुठं, वण केवढा, काय ठेवायचं, सगळं किरणनी सांगितलं. मग नव्यानं रेघा मारल्या. ऑपरेशन नीट झालं. हार्मोन दिलं नाही.

गेल्या वर्षी पन्हाळ्याला एका लग्नात गेलतो. स्टेजवर किरण, अंगाला चपखल बसलेला पांढरा शर्ट, आणि आवाज तोच. मला बघून गाता गाता मान हलवली.

शिकाऊ सर्जनांना मी आता एवढंच सांगतो: पेनचं टोपण पेशंटचं बोलून झाल्यावर काढायचं.