बारावा पीस

आमच्या घरी दिवाळीचं कापड ताग्याने यायचं. वडील कन्हानला खाणीत कामाला होते. बोनस झाला की ते एकच तागा खांद्यावर टाकून आणायचे, कारण पूर्ण तागा घेतला की मीटरमागे भाव कमी पडतो. हे गणित मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या ताग्यातून माझा फ्रॉक, धाकट्या बहिणीचा फ्रॉक, आईची पोलकी आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे, खिडकीचा पडदा. एका वर्षी हिरव्यावर पांढरे ठिपके होते. लपाछपी खेळताना मी पडद्याला चिकटून उभी राहिले. बहीण समोरून दोनदा गेली, तिला मी दिसलेच नाही. ती रडायला लागली तेव्हा कुठे मी बाहेर आले.

आम्ही रस्त्याने निघालो की क्वार्टरमधली पोरं ओरडायची, "बँड आला, बँड आला!" बहिणीला मजा वाटायची. ती ढोल वाजवल्यासारखे हात करायची. मला त्या पोरांना दगड मारावेसे वाटायचे. एकदोनदा मारलेही.

कमवायला लागल्यावर कुणासारखं दिसायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आज मी ऑफिसांना स्टेशनरी पुरवते. लकडगंजातून माल उचलते, ॲक्टिव्हावर लादते आणि मिहानमधल्या कंपन्यांपर्यंत पोचवते. हे मी एकटीने उभं केलं. सुरुवातीला माझ्याकडे तीनच कुर्ते होते, आणि गिऱ्हाइकासमोर रोज तेच घालून गेलं की तो आपल्याला गरजू समजतो आणि भाव पाडतो. म्हणून मी तयार सेट कधी घेतला नाही. सेटमधली ओढणी विटली की कुर्ताही कपाटात पडून राहतो. माझ्याकडे दोन साधे कुर्ते, एक छापाचा, कशावरही चालतील अशा दोन सलवारी. ओढण्या मात्र भरपूर. आई गेली तेव्हा जरीच्या साड्या बहिणीने ठेवल्या, सुती माझ्याकडे आल्या. मी एकेका साडीच्या दोन ओढण्या केल्या. बहीण म्हणाली, "आईची साडी फाडली वं तू?" मी म्हटलं, "तू पेटीत ठेवली, मी अंगावर ठेवली." ते तिला लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

माझ्या सगळ्या कुर्त्यांना पुढून बटणं असतात, गळ्यापासून खालपर्यंत. लाकडाची, शिंपल्याची, जुन्या कोटाची काढलेली. मिहानमधल्या पोरी विचारतात, "मॅम, ही तुमची स्टाइल आहे ना?" मी हो म्हणते. खरं कारण असं, की मी एकटी राहते आणि पाठीवरच्या हुकांपर्यंत माझा हात पोचत नाही.

कापड मी गांधीबागेतल्या एका दुकानातून घेते. पुढच्या बाजूला तागे, मागे कटपीसचा ढीग, म्हणजे ताग्याच्या शेवटी उरलेले दोन-अडीच मीटरचे तुकडे. मी शटर उघडतानाच जाऊन उभी राहते, कारण बोहणीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार रिकाम्या हाताने पाठवत नाही.

"ताई, तुमचं तोंड पाहिलं का मले समजते, आजचा दिवस घाट्याचा," दुकानदार म्हणतो.

"मग शटर कायले उघडता भाऊ? घरीच झोपा."

अशी आमची पंधरा वर्षं झाली. बहिणीलाही या दुकानाचा पत्ता मीच सांगितला होता.

दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. तिने घरच्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या दिल्या होत्या, मलाही. मी ती नेसले नाही. माझाच कुर्ता घालून गेले आणि अंगणात एका रांगेत उभ्या असलेल्या त्या बायका पाहून मोठ्याने बोलून गेले, "बँडवाले दिसून राहिल्या सगळ्या!" कुणी हसलं नाही. बहिणीला वाटलं मी तिच्या सासरच्यांना हिणवलं. मला वाटलं, हिला तरी क्वार्टरमधला बँड आठवेल. तिला आठवला नाही, आणि मीही समजावून सांगितलं नाही. तेव्हापासून फोन सणापुरता.

यंदा भाचीचं लग्न निघालं. पत्रिका आली, फोन आला. हळदीच्या आठ दिवस आधी भाचीच्या स्टेटसवर फोटो दिसला. शिंप्याच्या टेबलावर पिवळे कुर्ते ओळीने टाकलेले, झेंडूच्या बारीक छापाचे, पाठीवर हुक आणि वर लटकनाची दोरी. खाली लिहिलं होतं, आमची गँग. मी फोटो मोठा करून मोजले. अकरा. त्यांच्यातला एकही माझ्याकडे आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेत कटपीस उपसताना तोच झेंडू हाताला लागला.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"तो का? एका मॅडमनं बारा पीस सांगितले होते. कापून झाले अन् मंग म्हणते, अकराच बांधा. आमच्यात एक जण आहे म्हणे, ते काही हे घालत नाही, उलटी चारचौघांत तोंड टाकते. मी म्हटलं, कापलेल्या कापडाचं मी का करू? तर म्हणे, ठेवा, घेईल कोणी तरी."

त्याला ठाऊक नव्हतं की ती माझी बहीण. मी तो पीस उलगडला. अडीच मीटर, अगदी माझ्या मापाचा. माझं माप तिला तोंडपाठ असणारच, तिचे रोजचे फ्रॉक माझेच उतरलेले असायचे. म्हणजे तिने मला आधी धरलं होतं आणि मग, कापड कात्रीखालून निघाल्यावर, सोडून दिलं होतं.

"केवढ्याले?"

"कापलेला आहे ताई, अर्ध्या भावात घेऊन जा."

मला काय झालं कोण जाणे. मी ओरडायलाच लागले. "अर्ध्या भावात? लोकाचा टाकलेला माल गळ्यात मारून राहिले का? एवढी वर्षं माल घेऊन राहिली मी, अन् मलेच फसवता?" तो आधी हसला. दुसरी गिऱ्हाइकं बघायला लागली. शेवटी त्याने पीस कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "तुमाले जे द्यायचं ते द्या ताई. पण आज तुम्ही भाव नाही करून राहिल्या, भांडून राहिल्या."

इतकं स्वस्त कापड मला आयुष्यात मिळालं नव्हतं. स्कूटर चालू करायला किल्लीच सापडेना. ती हातातच होती.

माझ्या शिंप्याला फोटो दाखवला. "अगदी असाच. माझं काही घालू नको."

"पाठीवर हुक?" त्याने दोनदा विचारलं.

"हो."

कुर्ता वेळेवर मिळाला. घरी घालून पाहिला. दोन्ही हात मागे नेऊन, आरशाकडे पाठ करून, दाराच्या कडीला दोरी अडकवूनही पाहिली. वरचे तीन हुक राहिलेच. म्हणून हळदीच्या दिवशी मी निळा कुर्ता आणि आईच्या साडीची ओढणी घालून निघाले आणि पिवळा पिशवीत घेतला. तिथे गेल्यावर बहिणीला म्हणायचं, जरा हुक लावून दे. एवढं एकच वाक्य. मानकापूरच्या सिग्नलला, ओढणी तोंडाला गुंडाळलेली असताना, मी ते दोनदा म्हणूनही पाहिलं.

बहीण जिन्यातच भेटली. पिवळा कुर्ता, केसांत झेंडू, अगदी आईसारखी दिसत होती.

"आली का ताई? मले वाटलं येते का नाही."

"काहून नाही येणार?"

तिने माझ्या ओढणीचा पदर बोटांत धरला, कापड ओळखलं आणि सोडला. मग म्हणाली, "तुझ्यासाठीही घ्यायचं होतं हो मनात. पण तू नाही घालत नं असं."

पिशवी माझ्या हातातच होती. कागद वाजत होता. ती थांबली होती, चांगली थांबली होती. घासाघीस करायला मी कुणालाही घाबरत नाही. पण ही घासाघीस नव्हती, हे मागणं होतं, आणि सोडून दिलेलीने का मागायचं?

"हो बाप्पा," मी म्हटलं. "मी काहून घालू असं?"

"तेच तर," ती म्हणाली आणि वर गेली.

गच्चीवर हळद लागली. फोटोची वेळ झाली तेव्हा बहिणीने फोन माझ्या हातात दिला. "ताई, तू काढ नं. तुझा हात हलत नाही." अकरा जणी ओळीने उभ्या राहिल्या. फोनमध्ये पाहिलं तर मध्ये, बहिणीच्या उजव्या बाजूला, एका माणसाची जागा रिकामी होती. कुणी ठेवली नव्हती, नुसती उरली होती.

"मधी जागा दिसून राहिली वं," मी म्हटलं. "सरका."

बहीण उजवीकडे सरकली, तिच्यामागून बाकीच्याही सरकल्या आणि जागा भरली. मी तीन फोटो काढले. तिन्ही चांगले आले.

पुढच्या आठवड्यात शिंप्याकडे गेले. पाठ शिवून बंद कर, पुढून उघड आणि बटणं लाव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं." आता तो कुर्ता मी मंगळवारी घालते, निळ्या सलवारीवर. परवा मिहानमध्ये रिसेप्शनवरच्या पोरीने कागदाचे गठ्ठे मोजता मोजता विचारलं, "मॅम, किती मस्त छाप आहे. कुठून घेतला?"

"कटपीस आहे," मी म्हटलं आणि चलान पुढे सरकवलं.