टेकडीवरच्या कबरी

त्सुनामीनंतर दुसऱ्या वर्षी मी टोकियोजवळच्या ग्योतोकुहून उत्तरेकडच्या एका मासेमारी गावात गेले. किनाऱ्यावरची घरं वाहून गेली होती, म्हणून टेकडी सपाट करून वर नवी बांधायची होती. खणताना मध्ययुगातली दफनभूमी लागली. जुन्या हाडांवरच माझं पोस्टडॉकचं काम, तेव्हा मला बोलावलं. मुदत सहा आठवड्यांची. बुलडोझर मागे उभेच होते.

खोदकामाला गावातल्या बायका येत. त्यांतली सत्तरीची एक आजी माझ्याबरोबर असायची. तिचा नवरा लाटेत गेला तो सापडलाच नव्हता. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या भागातली आम्लधर्मी माती सहसा हाडं खाऊन टाकते. इथे शिंपल्यांच्या थरामुळे ती टिकली होती. एका खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेला माणूस निघाला. आजीने बांबूच्या पट्टीने तीन दिवस त्याच्यावरची माती काढली.

"बाई की पुरुष?" तिने विचारलं.

"पुरुष. पन्नाशीच्या पुढचा असावा."

जेवून परत आले तर तिने गळ्यातला टॉवेल काढून त्याच्या पावलांवर पांघरला होता.

"आजी, टॉवेल काढा. सॅम्पल खराब होईल."

"सुमिमासेन, सुमिमासेन," अशी माफी मागत तिने तो घाईघाईने उचलला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

संध्याकाळी मी तिच्या तात्पुरत्या घरी माफी मागायला गेले. एकच खोली, नवऱ्याच्या फोटोपुढे भाताची वाटी. माझी माफी तिने पुरती ऐकलीही नाही. चहा ओतताना म्हणाली, "सेन्सेई, समुद्रात हाडं किती टिकतात?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. "गाळाखाली गेली तर टिकतात. उघडी राहिली तर नाही."

"आणि दात?"

"दात जास्त टिकतात."

"त्यांचे दोन सोन्याचे होते," ती म्हणाली. "ते तरी असतील."



ती कामावर परतली. खड्ड्यातल्या त्या माणसाची हाडं आम्ही दोघींनी मिळून खोक्यांत भरली, नंबर घातले, टोकियोला पाठवली. पुढे टेकडी सपाट झाली आणि तिला तिथेच घर मिळालं. पोलीस अजूनही अधूनमधून किनाऱ्यावर शोध घेतात, तेव्हा ती त्यांच्यामागून चालते. काही मिळालेलं नाही.