तपासणीच्या दुसऱ्या दिवशी

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात एका खोलीची शाळा होती आणि तिला पूर्वेकडे तोंड केलेली ओसरी होती. आम्ही कास्तकारांची मुलं-मुली खोलीत तरटावर बसायचो. महारवाड्यातून एकच मुलगी यायची, ती ओसरीवर दाराशी बसायची. असं का, हे मी कधी विचारलं नाही. दार पूर्वेला का, हे तरी कुठं विचारलं होतं.

तपासणीचे साहेब येणार, त्या दिवशी गुरुजींनी तिला आत घेतलं आणि माझ्या शेजारी बसवलं. सगळ्यांना एकत्र बसवायचा सरकारी हुकूम आहे, म्हणाले. साहेबांपुढं तिनं धडा न अडखळता वाचला. साहेब खूश होऊन म्हणाले, "आता इथंच बसत जा." घरी आले तर आईनं मला अंगणातच थांबवलं आणि डोक्यावरून पाणी ओतलं. हुकूम खरा की पाणी खरं, मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी ती थेट आत आली आणि कालच्याच जागी बसली.

"बाहेर बस आता," गुरुजी म्हणाले.

"सायबानं इथंच बसाले सांगतलं."

गुरुजींनी डोळे वटारले, टेबलावर छडी आपटली. ती पाटी घट्ट धरून बसून राहिली. आमच्यापैकी कुणी असतं, तर त्यांनी बखोटीला धरून केव्हाच बाहेर काढलं असतं. पण तिला काढायचं तर शिवावं लागणार, आणि तीच तर पंचाईत होती. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. शेवटी गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सगळे उठा. ओसरीवर बसा."

अख्खी शाळा बाहेर आली. आत ती एकटी, आणि भिंतीतला फळाही आतच. आम्हाला काही दिसेना. गुरुजी दारात घामाघूम उभे. मग त्यांनी तिलाच फळ्यावरचं मोठ्यानं वाचायला सांगितलं. ती वाचत गेली, आम्ही लिहीत गेलो. शाळेबाहेर नेमकं कोण बसलंय, याचा माझा पार गोंधळ उडाला.

ऊन चढलं तशी पाठ भाजायला लागली. घरी येऊन मी रडले, तर बाप भडकला. "लेकराईले उनात बसवून राह्यला का हा मास्तर?" आणखी चारजणांना घेऊन तो शाळेत गेला आणि गुरुजींना वाट्टेल ते बोलून आला. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो, आणि ती आत होतीच. आमची शाळा सगळ्यांची झाली, ती आमच्या पाठी भाजल्या म्हणून. याचा आनंद मानावा की काय करावं, मला अजून ठरवता येत नाही. राग मात्र येतो.

तिच्या शेजारी मीच बसले. तिनं हळूच विचारलं, "काल तुमी समदे बाहेर कावून गेल्ते?"

"गुरुजीनं सांगतलं म्हनून."

तिनं पाटी पुसायला घेतली.

"मीबी तं त्यायनं सांगतलं म्हनूनच बाहेर बसत होती," ती म्हणाली. "मले वाटे, कावून ते तुमाले तं मालूम असन."

मला मालूम नव्हतं.