डोईवरचा पटका

अन्याय झाला तो तुरुंगातल्या एका शिपायावर. त्र्याहत्तर सालच्या बेंदूर सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावरून बंद केलं. मी सरकारविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. तुरुंगातल्या शिपायाची बाजू घेशील असं कुणी म्हटलं असतं तर त्यालाच वेड्यात काढलं असतं.

दुष्काळी कामांच्या मोर्चात आम्हाला कराडला धरलं आणि सांगलीला आणून कोंडलं. बेंदराच्या संध्याकाळी जतकडचा एक म्हातारा धनगर कच्चा कैदी म्हणून आला. आष्ट्याजवळ कुणाच्या तरी उसात त्याची मेंढरं शिरली, त्यावरून मारामारी झाली होती. फाटकातच त्याचा पटका काढून घेतलेला. कैदी गळफास लावून घेईल म्हणून लांब कापड आत न्यायचं नाही, असा नियम. म्हातारा हातात धोंडा घेऊन अंगणात बसला. बराकीत येईना. जवळ येईल त्याचं टाळकं फोडतो म्हणाला.

जमादार आणखी शिपाई आणायला गेला. ते आले की काय होतं ते आम्ही आधी पाहिलं होतं. गजाआडून आम्ही घोषणा सुरू केल्या. तसा पहाऱ्यावरचा हा शिपाई आमच्याकडं वळला.

"सायेब, जरा दम खावा. घोषणा तुमच्या, मार त्येला."

आम्ही घोषणा थांबवल्या.

त्यानं काठी भिंतीला टेकवली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर अडकवली आणि म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला.

"आवं, उघड्या डोस्क्यानं बसलासा, घरात कोण गेलं का?"

"समदी हाईत. तुमीच मला सुतकी केलासा."

शिपायानं खांद्यावरचा पंचा दातानं फाडला. डोक्याला पुरेल, गळ्याला पुरणार नाही, एवढाच तुकडा पुढं केला. म्हणाला, "मीबी ऊसवालाच हाय. पर डोस्कं झाका."

"तुमचा ऊस पांचट असंल," म्हातारा म्हणाला, "माजी मेंढरं शिवायची न्हाईत त्येला."

धोंडा खाली ठेवून त्यानं तुकडा डोक्याला बांधला आणि चालत आत आला. जमादार माणसं घेऊन परतला तेव्हा बराकीला कुलूप लागलं होतं.

सकाळी शिपायावर ठपका आला. कैद्यापुढं टोपी उतरवली, काठी टाकली, कापड दिलं. अंगणात एका माणसाचंही रक्त सांडलं नाही, हे कुणाच्या लेखी नाही. चौकशी अजून चालू आहे. आमची साक्ष घेत नाहीत. आम्ही पडलो कैदी.

हे पत्रक वाचणारे तुम्ही कैदी नाही. उद्या सकाळी तुरुंगाच्या कचेरीत जा. खुर्ची देतील, बसू नका. उभ्यानंच सांगा: त्या शिपायाला कामावर घ्या, आणि म्हाताऱ्याचं डोकं झाकलेलं राहू द्या.