गोठ्याकडचा पाट

संग्रामपूरच्या बाजारात आमच्या गावच्या सरपंचांनी मला गाठलं आणि भास्करकाका गेल्याचं सांगितलं. "देवमाणूस गेला हो बाबू! असा नीतीचा माणूस आता कुठी भेटन..." ऐकून दुःखाच्याही आधी किळस आली. याच माणसानं कित्येक वर्षं काकांच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

भास्करकाका माझे चुलते. अकोल्याला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचे. पुढे नोकरी सोडून आमच्या गावी, वरवटला, शेती पाहायला आले. नवं राज्य नुकतंच झालेलं, जो तो समतेच्या नावानं घसा कोरडा करत होता. पंगती मात्र होत्या तशाच. आमची मंडळी ओसरीवर, बौद्धवाड्यातली गोठ्याच्या कडेला, तीही सगळ्यांच्या शेवटी. गावी आल्यावर पहिल्याच लग्नात काकांनी आपला पाट बगलेत मारला आणि गोठ्याकडं जाऊन किसनशेजारी, म्हणजे आपल्या शाळासोबत्याशेजारी, बसले. गावानं त्यांच्याकडचं पाणी सोडलं. काकांनी ती जागा सोडली नाही.

मी एकदा विचारलं, "काका, गाव ज्याले बरं म्हणते, तेच बरं ना?"

"मंग अमडापूरचं गाव उलटं म्हणन, तं थेही बरं काय बे?" काका हसले. "सांगाले सारेच सांगतात. ज्याच्यापायी आपलं काही जाते, थे मूल्य. बाकी तोंडाची वाफ."

ती वाफ तेराव्याला पोटभर पाहिली. काका गेले तसं गाव त्यांच्या घरी पुन्हा जेवायला आलं होतं. सरपंचांनी डोळे पुसत भाषण ठोकलं, "भास्करभाऊची मूल्यं आपुन जपू" म्हणाले, माना डोलल्या... आणि पत्रावळी मांडल्या गेल्या. एक रांग ओसरीवर, एक गोठ्याकडं. काकांच्याच घरी! त्यापेक्षा यांनी काकांना शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"सुधाकर, हे काय?" मी काकांच्या मुलाला विचारलं.

"मले याच गावात राहा लागते, दादा," तो खाली मान घालून म्हणाला.

किसन पत्रावळीवरून उठला. "ज्याच्यासंगं बसाचो, थो गेला. आता मी कोनासंगं बसू?" असं म्हणून तो निघाला.

तेवढ्यात काकू बाहेर आली. चार पुरुषांसमोर कधी मोठ्यानं न बोललेली बाई. तिच्या बगलेत काकांचा पाट होता. तो तिनं गोठ्याकडच्या रांगेत ठेवला आणि त्यावर बसली. "बसा किसनभाऊ. सुधाकर, वाढ."

मी तिच्याशेजारी बसलो. ओसरीवरची निम्मी मंडळी न जेवता उठली, सगळ्यांच्या आधी सरपंच.

आता काकूच्या हातचं पाणी गाव पीत नाही. सुधाकर रोज तो पाट उचलून घरात आणतो. काकू पाट घेते आणि पुन्हा गोठ्याशी नेऊन ठेवते.