चांदीवरची काळी साय

टूथपावडरचा लवंगी वास आज बोटांना लागला आणि बहरीनमधल्या बुदैया गावातल्या शेजारच्या काकूंची ती दिवाळी जशीच्या तशी समोर उभी राहिली. ओट्यावर निरांजन, पळी, अत्तरदाणी अशी सगळी चांदी मांडलेली होती. मी तिथे नोकरीसाठी आलेली, बाबांनी छापलेल्या नास्तिक पत्रकांवर वाढलेली. देव माणसानेच घडवला, हे मला मुळाक्षरांच्या आधी पाठ झालं होतं. काकूंनी तरीही हातात फडकं आणि चांदी घासायची टूथपावडर दिली. "मानू नकोस, पण घास तरी!"

देवांविरुद्ध तावातावाने बोलत मी घासत सुटले. शेजारच्या टेबलावर एक काळं नाणं दिसलं. त्यावर देवी होती. देवी म्हणजे लक्ष्मीच, असं समजून तेही घेतलं आणि चांगला जोर लावला. आणि काय सांगू! त्या काळोखातून एक बाई वर आली. डोक्यावरून पदर, एका हातात डबी, दुसऱ्या हाताने पेटत्या वेदीवर धूप टाकणारी. उलटून पाहिलं तर माथ्यावर अंबाडा रचलेली कुणी राणी. मी ओरडलेच, "काकू, तुमच्या लक्ष्मीच्या पाठीवर ही कोण?"

काका आतून धावत आले. अस्करच्या कारखान्यात दिवसभर वितळता धातू पाहणारा हा इंजिनिअर सुट्टीत जुनी चांदी शोधत फिरायचा. नाणं त्यांनी तळहातावर उलटंपालटं केलं. "खलास," एवढंच म्हणाले. कित्येक वर्षांच्या शोधानंतर मिळालेलं ते रोमन नाणं शुक्रवारी संग्राहकांच्या बैठकीत ते पहिल्यांदा दाखवणार होते. संग्राहक जिवापाड जपतात ती काळी साय धरायला शतकं लागली होती. उतरवायला मला अर्धं मिनिट पुरलं.

मी फडकं खाली ठेवलं. मग काकाच हळूहळू सांगू लागले. धूप टाकणारी ती पिएतास, भक्तीचीच देवी. मागची ती सम्राज्ञी, मेल्यावर देवी म्हणून जाहीर झालेली. माझं रक्त पुन्हा उसळलं. "म्हणजे ज्याच्या हाती टांकसाळ, देव त्याचा!"

"अगं पत्रकवाली, आधी सॉरी म्हण," काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळून, "आणि मला मेल्यावर देवी करू नका हो, आत्ता चकल्या पाडा."

काका हसले नाहीत. काकूंनी नाणं खिडकीशी धरलं. "देवी असेल तुमची, पण पूजा करतेय बिचारी. पदर घसरू नये म्हणून मान कशी धरलीय बघा." काका वाकले. बराच वेळ पाहत राहिले. "भिंगातून शंभरदा पाहिलं," ते पुटपुटले, "ही मान नव्हती दिसली."

शुक्रवारी ते नाणं घेऊन गेले. लोक हळहळले, म्हणे. काकांनी त्यांना मान दाखवली.

टांकसाळीतून निघणाऱ्या देवपणाची चीड मला आजही येते. ते वाक्य मी मागे घेणार नाही. पण लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इतकी वर्षं मी देवांशी भांडले आणि एकाही देवीचा चेहरा नीट पाहिला नव्हता. काकू देव मानत होत्या, आणि पाहतही होत्या.

परवा काकांचा फोन आला. पदराच्या चुण्यांत पुन्हा काळं धरू लागलंय म्हणाले. पूर्वीची साय येईपर्यंत आम्ही कुणी नसू. चांदीला मात्र कसलीच घाई नाही.