आमच्या साडूंचं हेडर

देव जर कधी गाडीत बसून नाशिकला आला, तर सगळं शहर हात जोडून उभं राहील आणि आमचे साडू तेवढे गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसतील. डोळे मिटून ऐकतील. नमस्कार करायचा की नाही, हे त्यानंतर ठरेल. मी थट्टा करत नाहीये. आमच्या पुतणीच्या लग्नात ऐन पंगतीत, पानात गरम जिलेबी पडलेली असताना, हा माणूस हातातला घास तसाच ठेवून ताडकन उठला. मला वाटलं, वाढण्यात काही कमी-जास्त झालं, मानपान राहिला. बाहेर जाऊन बघतो तर मांडववाल्याच्या टेम्पोखाली यांचे पाय दिसतायत. "साडूभाऊ," खालून आवाज आला, "याचा तिसरा सिलिंडर रुसलाय. अशा अवस्थेत गिळायचं कसं माणसानं?" नवरामुलगा रुसला असता तर इतकी धावपळ झाली नसती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मुळात गमतीचं. एकमेकांना आपण निवडलेलं नसतं, दोघांनी एकाच घरात पोहे खाल्लेले असतात, एवढंच. त्यात मी बँकेत खुर्ची उबवणारा आणि हे मखमलाबादच्या पुढे झेंडू, शेवंती, गुलाब पिकवणारे. पण शेतापेक्षा जास्त जीव त्यांच्या पिकअपवर. फुलांवर कीड पडली तर शांतपणे फवारणी करतील, गाडीने एक ठसका दिला तर घरात सुतक. डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगितलं, तुमचं बीपी वाढलंय. बाहेर येऊन मला म्हणतात, "बॅक प्रेशर वाढलंय म्हणे. पुढं कुठंतरी नळी बारीक झाली असंल." गोळ्या मात्र त्यांनी नियमाने घेतल्या, कारण हा रोग त्यांना पटला होता. आणि कुणाला वाटेल, आवाजाचा शौक आहे. छे! कॉलेज रोडवर पोरं फटफट करत गेली की हे कानावर हात ठेवतात. "हा आवाज नाय, ही बोंब हाय. इंजिनानं कसं, घरातल्या शहाण्या माणसासारखं हळू बोलावं."

तर या शहाण्या माणसाला मागच्या वर्षी तडा गेला. म्हणजे पिकअपच्या मॅनिफोल्डला. इंजिनच्या चार सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे सायलेन्सरकडे धाडणारा तो ओतीव लोखंडाचा तुकडा. तो चिरला आणि धूर थेट केबिनमध्ये यायला लागला. साडूंना त्याचं दुःख होतं ते तत्त्वाचं. खोकला मात्र ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. लग्न झाल्यापासून फुलं विकायला ही दोघं जोडीनं जातात. गाडी हे चालवतात, भाव ताई करतात, कारण साडूंना व्यापाऱ्याच्या गाडीचा आवाज आवडला तर ते फुलं तशीच देऊन येतील. त्या ताई एक दिवस मालेगावहून आल्या त्या खोकत खोकत उतरल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "झालं एवढं पुरे. या धुराच्या डब्यात मी परत बसायची नाही. दसऱ्याच्या आत हिला विका, नाहीतर फुलं घेऊन एकटे जा."

एकटे जा! साडू चार दिवस एकटेच गेले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले. चहा निवला तरी पिईनात. मी विचारलं, भाव पडला का? "भाव जाऊ द्या हो," ते म्हणाले, "शेजारची शीट रिकामी असली की गाडी एका अंगाला ओढती." वास्तविक असं काही होत नाही, एवढं मलाही कळतं. पण मी त्यांच्यापुढे दुसरा गरम चहा ठेवला.

नवा मॅनिफोल्ड आणून बसवला असता तर दोन दिवसांत काम संपलं असतं. पण मग ते आमचे साडू कसले! ते म्हणाले, आता हेडरच बसवायचं. हेडर म्हणजे काय, हे त्यांनी मला, माझ्या बायकोला, दूधवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला एकाच उदाहरणाने समजावलं: "चार भाऊ एकाच दारातून एकदम बाहेर पडायला लागले तर दार मोडणार का नाय? परत्येकाला आपली वाट द्या, सारख्या लांबीची. पुढं चौकात भेटू द्या. भांडण नाय, धक्काबुक्की नाय." म्हणजे दर सिलिंडरमागे एक स्वतंत्र नळी, आणि चारी नळ्या पुढे जाऊन एक. त्यानंतर निवड सुरू झाली. कुठल्या मुलीला स्थळ बघताना तिच्या बापाने इतके उंबरे झिजवले नसतील. तयार हेडर आणावं तर ते स्टिअरिंगच्या दांड्याला घासणार. आखूड नळ्या घ्याव्यात तर चढाला ओढ मिळणार नाही, लांब घ्याव्यात तर खड्ड्यात आपटणार, आणि खड्डे तर आपल्याकडे रस्त्याहून जास्त. साधं लोखंड गंजणार, स्टेनलेस स्टील वेल्डरला नीट जमेल का? शेवटी त्यांनी शेतातली ठिबकची नळी कापली आणि आमच्या डायनिंग टेबलवर तिचे चार तुकडे वाकवून, सुतळीने बांधून नमुना तयार केला. आठवडाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. आमची ही करवादली, "अहो भाऊजी, हे उचला की आता!" तर म्हणतात, "थांब गं जरा, दुसऱ्या नळीचं वळण अजून मनासारखं नाय." मग तो नमुना नवजात बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन आम्ही अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका वेल्डरकडे गेलो. बस्त्याला साडी परत करावी तसं पहिलं हेडर साडूंनी परत केलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी वेल्डरनेच हात जोडले, तेव्हा ते पसंत पडलं.

बसवायचं काम घरीच, शेवग्याखाली. मला विजेरी धरायला बोलावलं होतं. जुने गंजलेले नट त्यांनी दोन दिवस तेलात मुरवले होते, मुरांब्याच्या फोडींसारखे. एकेक नट सोडवताना त्याची मनधरणी चालू. "ये बाळा, ये राजा, कशाला धरून बसलाय?" शेवटचा राजा काही आला नाही. कट्ट करून आवाज झाला आणि बोल्ट आतच तुटला. साडूंच्या हातात तुटकं टोक आलं. ओसरीवर ताई झेंडूच्या माळा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुई थांबली. "आता?" मी विचारलं. साडू दुपारी जेवलेच नाहीत. मग संध्याकाळी अंबडचा वेल्डर आला, तुटक्या बोल्टच्या शेंड्यावर त्याने एक नट वेल्ड केला, पाना लावला आणि राजा गुपचूप बाहेर आला. साडूंनी त्या बोल्टाला नमस्कार केला. हेडर बसलं, नवं पॅकिंग बसलं. गाडी तापवून, गार करून सगळे नट पुन्हा आवळले. ताई म्हणाल्या एवढंच, "बघू."

खंडेनवमी उजाडली. सकाळी साडूंनी बॉनेट उघडून इंजिनला हळदकुंकू वाहिलं आणि आंघोळीला गेले. गाडी धुतलेली, काचेवर स्वस्तिक, पुढे झेंडूचा हा एवढा हार, मागे दसऱ्याची फुलं काठोकाठ. आणि ताई नवं लुगडं नेसून आल्या, स्वतःहून दार उघडून आपल्या जागेवर बसल्या! साडूंनी मला खिडकीशी कोंबलं. भाव-बिव करायला नव्हे, साक्षीला.

गाडी काय चालली म्हणून सांगू! पिंपळगाव गेलं, साडू स्वतःशीच गुणगुणायला लागले. मग चांदवडचा चढ आला. तिसऱ्या गिअरमध्ये भरली गाडी हूं की चूं न करता चढत होती, साडू ताईंकडे हळूच बघत होते, आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर आला. चांगला पांढरा, जाडजूड धूर. करपल्याचा वास. साडूंचा चेहरा उतरला तो बघवेना. गाडी बाजूला घेऊन ते बारीक आवाजात म्हणाले, "संपलं, साडूभाऊ. विकू हिला."

बॉनेट उघडलं. हेडर जागच्या जागी, कुठे चीर नाही, गळती नाही. चारी नळ्यांना विळखा घालून एक झेंडूचा हार मात्र धुमसत होता.

"कुणाचे हे उद्योग?" साडू माझ्यावर कडाडले.

"माझे," केबिनमधून ताई म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा घातला आणि झाकण लावलं. सगळ्या गाडीला हार, आणि ज्याच्यापायी एवढा जीव काढलात त्याला नुसतं कुंकू? बरं दिसतं का ते?"

"अगं, पण तापतं ना ते!"

"मला काय ठाऊक? दोन महिने त्याचं कौतुक ऐकतेय. वळण सांगितलंत, लांबी सांगितलीत. तापतं हे एकदा तरी बोललात का?"

साडूंनी काडीने तो जळका हार काढला. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे खिडकीपाशी गेले आणि चाचरत म्हणाले, "खोकला... आला का गं? घरापासनं इथवर?"

ताईंनी जरा आठवून पाहिलं. "नाही की," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी त्या हसण्यानेच खोकल्या.

त्या हाराचा तपकिरी डाग अजून हेडरवर आहे. एरवी बॉनेटवर धुळीचा कण सहन न करणारे साडू तो डाग पुसू देत नाहीत. परवा पिकअपच्या खिडकीपाशी उभं राहून मी त्यांना म्हटलं, आता विजेच्या गाड्या यायला लागल्या, ना धूर, ना नळ्या, ना आवाज. तुम्ही ऐकणार काय? पिकअप चालू होती, आणि खरं सांगायचं तर तिचा आवाज इतका हळू झालाय की मला ऐकूच येत नव्हता. साडू मात्र मान कलती करून बसले होते. मला वाटलं, इंजिन ऐकतायत. पण त्यांचा कान होता शेजारच्या शीटकडे, तिथे ताई फुलांची टोपली मांडीवर घेऊन शांत श्वास घेत बसल्या होत्या.